शब्द ठाऊक असतो, उच्चार येत नाही

मूल वेळेवर बोलले नाही की घरातली जाणती माणसे धीर देतात. ‘याचा मामाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’, हे वाक्य अनेक आयांनी ऐकलेले असेल. पुष्कळ मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण काही मुलांच्या न बोलण्याचे कारण वेगळे असते, आणि ती मुले नुसती वाट पाहून बोलत नाहीत. माझा मुलगा त्यांपैकी एक. आज तो सात वर्षांचा आहे. त्याला वाढवताना जे कळले ते इतर पालकांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

त्याच्या दोषाचे नाव ‘चाइल्डहूड अ‍ॅप्रॅक्सिया ऑफ स्पीच’. नाव अवघड असले तरी गोष्ट समजण्यासारखी आहे. साधा ‘पाणी’ शब्द म्हणायचा तर आधी ओठ मिटतात, मग तोंड उघडते, लगेच जिभेचा शेंडा टाळूकडे वळतो. हा क्रम मेंदू क्षणात आखतो आणि स्नायूंना हुकूम देतो. या मुलांचे स्नायू लुळे नसतात, जीभही चिकटलेली नसते. हालचालींचा क्रम आखण्यातच अडचण येते.

म्हणून आमच्या मुलाचे ‘पाणी’ सकाळी ‘पाई’, दुपारी ‘टाणी’ आणि रात्री नुसतेच ‘आ’ असे. एकच शब्द दर वेळी निराळा चुकणे, स्वरही चुकणे, एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना अडणे, बोलण्याचा हेल विचित्र वाटणे, ही या दोषाची मुख्य लक्षणे होत. शब्द लांब तितकी अडचण मोठी. हा तोतरेपणा नव्हे आणि नुसता बोबडेपणाही नव्हे.

त्याला समजत मात्र सगळे होते. ‘कपाटातला निळा शर्ट आण’ म्हटले की तो बरोबर तोच आणी. तरीही एका बालवाडीत ‘याला मतिमंद मुलांच्या शाळेत घाला’ असे सांगण्यात आले. पुढे लोक हसतात हे कळू लागले, तसा तो प्रयत्नच करीनासा झाला. चार वर्षांचे मूल दिवसभर मुकाट बसून राही. मूळ दोषापेक्षा मला त्याच्या या गप्प होण्याची भीती अधिक वाटली. कारण सराव थांबला की सुधारणेची वाटच बंद होते.

प्रथम कानांची तपासणी झाली. ती ठीक निघाल्यावर वाचोपचारतज्ज्ञांनी काही भेटींत त्याचे बोलणे ऐकून निदान केले. यावर गोळी नाही, टॉनिक नाही. जिभेला वेखंड चोळून, फुगे फुगवायला लावून किंवा मेणबत्त्या विझवायला लावून उच्चार सुधारत नाहीत. बोलणे बोलूनच शिकावे लागते. समोरासमोर बसून मुलाने आपल्या तोंडाकडे पाहायचे, दोघांनी सावकाश एकत्र म्हणायचे, मग त्याने एकट्याने. शब्दही रोजच्या गरजेचे निवडायचे : ‘दे’, ‘नको’, ‘आजी’, ‘आणखी’. ‘नको’ म्हणता येऊ लागल्यावर त्याची आदळआपट खूपच कमी झाली.

आठवड्यातून एकदा तासभर बसवण्यापेक्षा रोज थोडा थोडा सराव गुणकारी ठरतो. आम्ही आठवड्यातून दोनदा एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी जात असू. एरवी अंघोळीच्या वेळी, पोळ्या लाटताना, पाच-पाच मिनिटे घरीच चाले. सोबत चित्रांची एक वही ठेवली होती. चित्रे दाखवायची सवय लागली तर तो बोलणारच नाही, अशी सासूबाईंना धास्ती वाटे. तसे होत नाही. मनातले दुसऱ्याला कळले की मुलाची चिडचिड थांबते आणि बोलण्याचा हुरूप येतो.

आज घरच्या आणि शेजारच्या माणसांना त्याचे बोलणे समजते. जोडाक्षरे अजून अडतात. दमला की बोलणे ढासळते. अशा मुलांना वाचन-लेखनातही अडचण येऊ शकते, म्हणून वर्गशिक्षिकेला आधीच कल्पना दिली आहे.

दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नसेल, किंवा दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत व सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते, त्या वेळी हे आवर्जून सांगावे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवणदोषांवर काम करीत आहे.

आणि एक विनंती सर्वांनाच. अशा मुलाला ‘नीट बोल’ म्हणून दटावू नये, त्याचा शब्द आपणच घाईने पुरा करू नये. दुकानात एखादे मूल ‘बिस्कीट’ म्हणताना अडले, तर मागचे गिऱ्हाईक खोळंबले तरी चालेल. अर्धा मिनिट थांबावे. त्याला तो शब्द ठाऊक असतो.