तीस मिलिमीटर

सकाळी सहा

ओव्हनचं दार उघडण्याआधी तापमान आणि वेळ वहीत लिहायची, हा या खोलीतला पहिला नियम. रात्रभर पाच नळ्या 130 अंशांवर, डोक्यावर वजन घेऊन उभ्या होत्या. पॉलिएस्टरचं सूत बंद भांड्यात, दाबाखाली, साधारण याच तापमानाला रंगतं. ते ज्यांच्यावर गुंडाळून रंगवतात त्या आमच्या नळ्या पॉलिप्रोपिलीनच्या. हे प्लास्टिक 165 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे 130 ला ते वितळत नाही, पण त्याचा ताठरपणा बराच कमी झालेला असतो. ते पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून ही परीक्षा कोरड्या ओव्हनमध्ये घेता येते. नायलॉनची नळी असती तर गरम पाण्यातच घ्यावी लागली असती.

व्हर्निअर लावते. चार नळ्या जिथे थांबायला हव्या तिथेच थांबल्या आहेत. पाचवी जवळजवळ एक मिलिमीटर जास्त बसली आहे, कारण तिचा एक स्टॉपर, म्हणजे जास्त दबण्यापासून अडवणारा खुंट, वाकला आहे. एक मिलिमीटर ही क्षुल्लक गोष्ट नाही. स्पिंडल नावाच्या सच्छिद्र दांड्यावर नळीवर नळी अशा आठ नळ्यांचा खांब रचला, की प्रत्येकीचा एक मिलिमीटर मिळून खांब आठ मिलिमीटरने खचतो. वरचं झाकण सैल पडतं आणि रंगाचं पाणी सुतातून जायचं सोडून झाकणाखालच्या फटीतून निसटतं. पाण्याला सोपी वाट मिळाली की ते अवघड वाटेने जात नाही. मी दिवसभर जे काही करते ते या एका गोष्टीसाठी करते.

सव्वासात

चहा. खाली रस्त्यावर शाळेच्या रिक्षांची आणि दूधवाल्यांची गर्दी सुरू झालेली. आमचं ऑफिस नारायण पेठेत, केसरीवाड्यापासून चालत दोन-तीन मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. इथे मशिन बसवायला जागा नाही, मोल्डिंग भोसरीला होतं आणि रंगकाम सोलापूर-इचलकरंजीला. पेठेत होतं ते मोजमाप, चित्र आणि विचार.

साडेआठ

ड्रॉइंग उघडते. नळीची लांबी 170 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 69. एका टोकाला 20 मिलिमीटरचा अरुंद गळा आहे, तो पुढच्या नळीत शिरतो, त्यामुळे सूत गुंडाळायला 150 मिलिमीटर उरतात. मधला भाग म्हणजे बांगड्यांची चळत म्हणा: 16 कडी, प्रत्येक अडीच मिलिमीटर जाडीचं, आणि त्यांच्यामध्ये पाच-पाच मिलिमीटरच्या 15 फटी. कडी एकमेकांना तिरक्या रिबांनी जोडलेली. वरून दाब आला की रिबा झुकतात आणि कडी जवळ येतात. प्रत्येक फटीत बारीक स्टॉपर आहे, तो फट तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. पंधरा फटी, प्रत्येकी दोन मिलिमीटर, एकूण तीस. 150 ची नळी 120 होते आणि तिथे ठाम उभी राहते.

नळी दाबायची कशाला, हा प्रश्न नवीन मोल्डर हमखास विचारतात. कडक नळीवर गुंडाळलेले सुताचे चीज एकावर एक ठेवले की त्यांच्यामध्ये फट राहते, तिथे स्पेसर घालावे लागतात, आणि एक चीज घट्ट तर दुसरं सैल हा वाइंडिंगमधला फरक तसाच रंगाच्या भांड्यात उतरतो. दाबता येणाऱ्या नळ्यांवरचे चीज मात्र दाबून एकजीव खांब होतात. सूत सुताला टेकतं, मधली गळती बंद होते, सैल चीज जास्त दबतं आणि घनता सारखी व्हायला लागते. मशिनमध्ये जास्त माल बसतो म्हणून या नळ्या विकल्या जातात, ते मला फारसं पटत नाही. शेवटी जी घनता हवी ती ठरलेली असते, आणि त्यासाठी गुंडाळतानाच सैल ठेवावं लागतं. स्पेसरची जागा वाचते एवढंच. खरा लाभ रंग सारखा लागण्याचा आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे.

आज सकाळचा तास रिबांच्या दिशेवर जातो. सगळ्या रिबा एकाच बाजूला झुकलेल्या असल्या तर दबताना नळी पिळली जाते आणि आतल्या सुताचे थर एकमेकांवरून घसरतात. म्हणून एका ओळीतल्या रिबा डावीकडे, पुढच्या ओळीतल्या उजवीकडे. पण फटी पंधरा, म्हणजे विषम, आणि एका ओळीचा पीळ शिल्लक राहतो. मधल्या ओळीत निम्म्या रिबा डाव्या आणि निम्म्या उजव्या केल्या तर तो जातो, मात्र ती ओळ बाकीच्यांपेक्षा ताठ होते. तिची जाडी थोडी कमी करते. संगणकावर पीळ जवळपास शून्यावर येतो. संगणक थंड नळीबद्दल खरं सांगतो, तापलेल्या नळीबद्दल अंदाज सांगतो, म्हणून रात्रीचा ओव्हन चुकत नाही.

साडेदहा

सोलापूरहून डाइंग मास्तरांचा फोन. आयुष्य रंगाच्या वाफेत गेलेला माणूस, टॉवेलच्या सुताचं काम करतात.

‘‘मॅडम, वरच्या दोन चीजना आतून फिका पट्टा यायलाय की. खालचे एकदम झकास.’’

‘‘मास्तर, प्रेस किती केलं होतं?’’

‘‘तुम्ही सांगितलं तसंच. वीस टक्के.’’

‘‘वाइंडिंगची घनता?’’

‘‘0.34 ची होती. थोडी टाइटच म्हणा.’’

इथेच बहुतेकांची गफलत होते. वीस टक्के दाबलं म्हणजे घनता वीस टक्क्यांनी वाढली असं वाटतं. उंची 150 वरून 120 वर आली की तेवढंच सूत चार पंचमांश जागेत बसतं, म्हणजे घनता पंचवीस टक्क्यांनी वाढते. 0.30 चं 0.375 होतं, आणि ते सुती चीजला मानवतं. 0.34 चं 0.425 होतं. शिवाय भिजल्यावर कापूस फुगतो. त्यातून पाणी ढकलताना पंप थकतो.

पण त्याने सगळेच चीज बिघडायला हवे होते, फक्त वरचे का बिघडले? दाब वरून येतो. नळ्यांचं आतलं अंग स्पिंडलला घासतं आणि प्रत्येक नळी त्या दाबातला थोडा हिस्सा खाते. खालपर्यंत पोहोचतो तो उरलेला. म्हणून वरच्या नळ्या आधी आणि जास्त दबतात. स्टॉपर असतात ते याचसाठी: वरची नळी तीस मिलिमीटरला अडली की जादा जोर खालच्या नळीकडे जातो. वरच्यांचे स्टॉपर वाकले असतील तर त्या तीसवर थांबल्याच नाहीत, फटी तीनऐवजी दोन किंवा दीड झाल्या आणि आतल्या थराला पाणी कमी मिळालं. सकाळची पाचवी नळी मला हेच सांगत होती.

‘‘मास्तर, वरच्या दोन नळ्यांची उंची मोजून पाठवता? आणि ते चीज धुऊन टाकू नका, तसेच पाठवा.’’

‘‘मोजतो की. एका स्पिंडलचे चीज कालच रात्रीच्या ट्रॅव्हल्सला दिलेत. पोचले असतील बघा.’’

मला हा माणूस आवडतो. तक्रार करण्याआधी पुरावा पाठवतो.

बारा

पार्सल आलं. खिडकीशी, उत्तरेच्या उजेडात बसते. चीजच्या बाहेरच्या, मधल्या आणि आतल्या थराचं थोडं थोडं सूत काढून मोजे विणायच्या छोट्या मशिनवर एकामागून एक विणते. कापडाची एक नळकांडी तयार होते. तिन्ही थर सारखे रंगले असतील तर जोड सापडत नाही. खालच्या चीजच्या नळकांडीत मला जोड सापडत नाही. वरच्यात, आतल्या थराशी, रंग एकदम उतरतो. मोजायला यंत्र आहे, आणि डेल्टा ई, म्हणजे रंगातल्या फरकाचा आकडा, एकच्या आत असावा असा बाजारातला सर्वसाधारण रिवाज आहे, पण इथे यंत्राची गरजच नाही.

आतल्या थरात अजून एक गोष्ट दिसते, जी मास्तरांनी सांगितली नाही. खालच्या, चांगल्या चीजमध्येही नळीच्या टोकापाशी, जिथे भोकं नसलेली सलग कॉलर आहे, तिथे अगदी अंधूक पट्टा आहे. सुताखाली दोन्ही बाजूंना साडेसतरा मिलिमीटरची अशी भिंत आम्ही ठेवली होती, मजबुतीसाठी. त्या भिंतीवरच्या सुताला पाणी फक्त बाजूने मिळतं. तिथे खाचा द्यायला हव्यात.

दीड

बँकेच्या कामाला बुधवार पेठेत. परतताना लक्ष्मी रस्त्यावर शर्टाच्या कापडाच्या ठाणासमोर थांबायची माझी सवय जात नाही. चेक्स आणि पट्टे यांचं सूत आधी रंगवून मग विणतात, आणि एखादी बारीक रेघ मधेच फिकी पडली तर ती विणकराच्या माथी मारली जाते. कित्येकदा ती नळीवर ठरलेली असते.

याच बुधवार पेठेत भाऊसाहेब रंगारी राहत. त्यांचं आडनाव जावळे, पण घराण्याचा धंदा शालू रंगवण्याचा, म्हणून रंगारी हेच नाव चाललं. 1892 चा त्यांचा सार्वजनिक गणपती सगळ्यांना माहीत आहे. मला त्या जुन्या रंगाऱ्यांच्या हातांचं कौतुक वाटतं. कढईतलं कापड किंवा सुताची लडी ते सतत फिरवत, वर-खाली करत, आणि त्या हालचालीतून रंग सारखा होई. चीजमध्ये सूत हलत नाही, पाणी हलतं. आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत, काही काही मिनिटांनी दिशा बदलत. रंगाऱ्याच्या हाताचं काम आता माझ्या फटींवर आलं आहे, म्हणून त्या फटींना मी इतकी जपते.

तीन

संभाजी उद्यानाहून मेट्रो, मधे गाडी बदलून नाशिक फाटा, पुढे रिक्षाने भोसरी. टूलरूममध्ये साचा उघडून टेबलावर ठेवलेला. चारही बाजूंना फटी असल्यामुळे साध्या दोन भागांच्या साच्यातून ही नळी निघत नाही, चार स्लायडर मागे सरकावे लागतात. त्या स्लायडरांच्या जोडावर प्लास्टिकचा जो पातळ फ्लॅश येतो, तो माझा जुना शत्रू. गुंडाळताना सूत मिनिटाला 600 मीटर वेगाने येतं, म्हणजे रिकामी नळी सुरुवातीला मिनिटाला 2,700 हून जास्त फेरे घेते. त्या वेगात केसाएवढ्या फ्लॅशला बारीक तंतू अडकला तरी तुटतो.

‘‘ताई, फ्लॅश बघा, हात फिरवा,’’ टूलरूमचे काका म्हणतात. बोट फिरवते, कुठे लागत नाही. त्यांनी स्लायडर निळा रंग लावून पुन्हा बसवले आहेत.

‘‘काका, स्टॉपर वाकतोय. बुडाशी जाड करायचाय.’’

‘‘जाड केला तर थंड व्हायला वेळ घेणार, तिथे खड्डा पडेल. त्यापेक्षा बुडाशी गोलाई द्या. अर्धा मिलिमीटर रेडियस. ईडीएमने काढतो.’’

बरोबर आहे. स्टॉपर वाकतो तो बुडातल्या तीक्ष्ण कोपऱ्यापासून. मी जाडीच्या मागे लागले होते, त्यांनी कोपरा पाहिला. कॉलरच्या खाचांसाठी ते दोन वेगळे इन्सर्ट सुचवतात, म्हणजे चुकलं तर अख्खा साचा जात नाही. खाचांची मापं ठरवताना प्लास्टिकचं आकुंचन धरावं लागतं: 69 मिलिमीटरवर दीड टक्का म्हणजे साचा एक मिलिमीटरने मोठा. हे गणित काका तोंडी करतात.

जाण्याआधी प्लास्टिकच्या दाण्याची पोती पाहते. पुन्हा दळलेला दाणा या नळीत चालणार नाही, हे आमचं ठरलेलं आहे. तो स्वस्त पडतो आणि थंडपणी नळी तशीच दिसते, पण 130 अंशांवर ती किती दबेल याचा भरवसा उरत नाही.

साडेसहा

पेठेत परत. ड्रॉइंगमध्ये तीन बदल: स्टॉपरच्या बुडाशी गोलाई, कॉलरला खाचा, मधल्या ओळीच्या दुतर्फा रिबा. खाचा दिल्याने कॉलर कमजोर झाली का, हे वाइंडिंगच्या पकडीचा जोर धरून तपासते. एक खाच लहान करावी लागते. ओव्हनमध्ये जुन्याच नळ्यांचा नवा संच लावते, या वेळी वजन वाढवून, स्टॉपर नेमके कुठे हार मानतात ते पाहायला.

साडेआठ

मास्तरांचा मेसेज: वरच्या दोन नळ्या 120 ऐवजी 111 आणि 113. मी त्यांना फोन करते.

‘‘नव्या नळ्या आल्या की पहिला लॉट कोणत्या शेडचा घ्यायचा?’’ ते विचारतात. ‘‘नेव्ही घेऊ. भीती नाही.’’

‘‘नेव्हीत सगळं झाकतं, मास्तर. फिका राखाडी घ्या. तीन रंगांचं मिश्रण.’’

राखाडीत पिवळा, लाल, निळा तिन्ही थोडे थोडे असतात, आणि पाणी कुठे कमी पोचलं की एक रंग मागे पडून सूत हिरवट किंवा गुलाबी दिसायला लागतं. नळीत दोष असेल तर राखाडी तो लपवणार नाही.

‘‘बिघडला तर?’’

‘‘बिघडला तर वरून काळा करून टाका, सुताचे पैसे माझे. पण घनता 0.30 ची ठेवा, आणि वरची, मधली, खालची, तिन्ही नळ्यांवर खूण करून पाठवा.’’

‘‘एकच स्पिंडल लावतो. बाकीच्यांना जुन्याच नळ्या. चालतंय का?’’

चालतंय. उलट तेच हवं: एकाच भांड्यात, एकाच पाण्यात जुनी आणि नवी नळी शेजारी शेजारी. मी वहीत लिहून घेते: जुन्याचेही वरचे दोन चीज मागवणे.