न्हाव्याचे कोडे आणि रसेलचा संच : एक स्पष्टीकरण

महाविद्यालयीन वर्गात बर्ट्रंड रसेल यांचा विरोधाभास बहुधा न्हाव्याच्या गोष्टीतून शिकविला जातो. गावातील जे पुरुष स्वतःची दाढी स्वतः करीत नाहीत, त्या सर्वांची आणि केवळ त्यांचीच दाढी गावचा न्हावी करतो. मग त्या न्हाव्याची दाढी कोण करतो? तो स्वतः करीत असेल तर नियमानुसार त्याने ती करता कामा नये. करीत नसेल तर ती त्यानेच केली पाहिजे. गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहते, परंतु तिच्यामुळे मूळ प्रश्नाचे गांभीर्य झाकले जाते. ‘असा न्हावी असूच शकत नाही’ एवढे म्हटले की कोडे संपते. एखाद्या व्यक्तीचे वर्णन करता आले म्हणून ती अस्तित्वात असलीच पाहिजे, असे कोणीच मानलेले नसते. स्वतः रसेल यांनीही १९१८ च्या व्याख्यानांत हे उदाहरण दुसऱ्या कोणी सुचविल्याचे सांगून त्याची उकल फारशी कठीण नसल्याचे म्हटले होते. ‘विरोधाभास’ हा आपल्या अलंकारशास्त्रातील शब्द. तेथे विरोध केवळ भासतो आणि अर्थ उलगडताच मावळतो. न्हाव्याच्या गोष्टीला तो चपखल लागू पडतो. रसेल यांच्या संचाबाबत मात्र ‘व्याघात’ म्हणणेच अधिक योग्य ठरेल.

कारण तेथे ‘असा संच नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी संपूर्ण अंकगणित शुद्ध तर्कातून सिद्ध करण्याचे कार्य हाती घेतले होते. त्यांच्या ‘अंकगणिताचे मूलभूत नियम’ या ग्रंथाचा पहिला खंड १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील पाचव्या नियमाचा परिणाम सोप्या शब्दांत असा की, कोणताही गुणधर्म स्पष्टपणे सांगितला की तो धारण करणाऱ्या वस्तूंचा संच अस्तित्वात असतोच. हे इतके स्वाभाविक वाटते की आजही फळ्यावर संचाची व्याख्या करताना अनेकदा याच भाषेचा आश्रय घेतला जातो.

रसेल या व्याघातापर्यंत १९०१ मध्ये पोहोचले, ते गेऑर्ग कँटर यांच्या एका सिद्धतेचा विचार करताना. एखाद्या संचाच्या प्रत्येक घटकाशी त्याच संचाचा एकेक उपसंच जोडला, तर जे घटक स्वतःशी जोडलेल्या उपसंचात नाहीत त्यांचा उपसंच कोणत्याही घटकाशी जोडलेला असू शकत नाही. म्हणून उपसंच घटकांपेक्षा नेहमीच अधिक असतात. आता हाच युक्तिवाद सर्व संचांच्या संचाला लावून प्रत्येक संच स्वतःशीच जोडला, तर उरतो तो ‘स्वतःचे घटक नसलेल्या सर्व संचांचा संच’. तो स्वतःचा घटक असेल तर नसला पाहिजे, आणि नसेल तर असला पाहिजे. फ्रेगे यांच्या नियमानुसार हा संच नाकारता येत नाही. आणि व्याघात एकदा सिद्ध झाला की अभिजात तर्कशास्त्रात त्यातून कोणतेही विधान सिद्ध करता येते. म्हणजे दोन अधिक दोन पाच हेही.

१६ जून १९०२ रोजी रसेल यांनी ही बाब जर्मन भाषेत लिहिलेल्या पत्राने फ्रेगे यांना कळविली, तेव्हा दुसरा खंड छापला जात होता. फ्रेगे यांनी २२ जूनला उत्तर पाठविले. त्यात आपल्या पायालाच धक्का बसल्याची कबुली होती, आणि शोधाबद्दल कौतुकही. १९०३ च्या खंडाला त्यांनी परिशिष्ट जोडून दुरुस्ती सुचविली. ती पुढे टिकली नाही. आयुष्याच्या अखेरीस तर त्यांनी अंकगणित तर्कातून काढण्याचा आग्रहच सोडला आणि भूमितीकडे आधार शोधला.

१९०८ मध्ये दोन मार्ग पुढे आले. रसेल यांच्या प्रकार सिद्धांताने ‘संच स्वतःचा घटक आहे’ हे विधानच निरर्थक ठरविले. हा मार्ग कष्टाचा असून अध्यापनात तो क्वचितच येतो. एर्न्स्ट झेर्मेलो यांनी नियमच आवरता घेतला : गुणधर्माच्या आधारे घटक वेगळे काढता येतात, पण आधीच अस्तित्वात असलेल्या संचातूनच. असा कोणताही संच घेऊन त्यातील ‘स्वतःचे घटक नसलेले’ संच वेगळे काढले, तर व्याघात उद्भवत नाही; तो नवा संच मूळ संचात नाही, एवढेच सिद्ध होते. परिणामी सर्व संचांचा संच नाही. न्हाव्याला दिलेले उत्तर संचालाही देता येऊ लागले ते येथे. त्याची किंमतही होती. कोणते संच अस्तित्वात आहेत हे आता एकेका गृहीतकाने सांगावे लागते. अनंत संचासाठीही स्वतंत्र गृहीतक लागते. संख्यांची अनंतता तर फ्रेगे यांना केवळ तर्कातून सिद्ध करावयाची होती.