मतास वारस नसतो

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेस, वणी तालुक्यात, राजूर हे कोळशाचे व चुन्याचे गाव आहे. तेथील खाणकामगाराचा मुलगा उद्या आमदार होऊ शकेल काय? राज्यघटनेचे उत्तर होकारार्थी आहे. जिल्ह्याचा अनुभव मात्र विचारात पाडतो.

याच जिल्ह्यातील पुसदने १९५२ साली वसंतराव नाईकांना त्या वेळच्या मध्य प्रदेश विधानसभेत धाडले. गहुलीच्या बंजारा तांड्यातून आलेले हे गृहस्थ १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९९१ साली त्यांचे पुतणे सुधाकरराव त्याच पदावर आले. पुढे पुसदची आमदारकी सुधाकररावांचे बंधू मनोहरराव यांच्याकडे आणि २०१९ साली मनोहररावांचे पुत्र इंद्रनील यांच्याकडे गेली. त्या निवडणुकीत प्रमुख प्रतिस्पर्धीही नाईकच होते!

वसंतरावांचे कर्तृत्व वादातीत आहे. त्यांच्याच समितीच्या १९६१ च्या अहवालातून राज्यात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. सत्ता गावोगाव पोचावी, हा त्यामागील हेतू. सुधाकररावही ग्रामपंचायत व जिल्हा परिषद या पायऱ्या चढूनच वर आले.

आज त्या पायऱ्या शाबूत आहेत. परंतु वरचा दरवाजा घरच्यांनाच उघडतो. एकट्या नाईकांस दोष देणे अन्यायाचे होईल. नांदेडचे शंकरराव व अशोकराव चव्हाण हे पितापुत्रही मुख्यमंत्री झाले. खरा दोष उमेदवारी वारसाहक्काने वाटणाऱ्या पक्षांचा, आणि आडनाव पाहून मत देणाऱ्या आपणा सर्वांचा आहे. शेतास वारस असतो, वाड्यास असतो, मतास नसतो. राजूरच्या मुलास हे पटेल, असे वर्तन आपल्या हातून घडेल काय?