दोनदा फ्रान्सची राणी

डिसेंबर १४९०. रेन शहरात चौदाव्या वर्षात असलेल्या ॲनचं लग्न लागलं, पण नवरा जागेवर नव्हता. ऑस्ट्रियाचा मॅक्सिमिलियन हंगेरीच्या लढाईत गुंतलेला. आपल्याकडे जसं नवऱ्याच्या खांड्याशी लग्न लागे, तसा तिथे त्याचा सरदार पोलहाइम उभा राहिला. त्याने साक्षीदारांसमोर गुडघ्यापर्यंत उघडा केलेला पाय नवरीच्या पांघरुणात सारला, आणि विवाह पक्का झाला!

एवढी घाई का? ॲन ब्रिटनीची सत्ताधारी डचेस होती. समुद्राकडे तोंड करून बसलेलं हे संस्थान फ्रान्सला हवं होतं. १४८८ मध्ये तिचे वडील फ्रान्सशी लढाई हरले. राजाच्या संमतीशिवाय मुलींची लग्नं करणार नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं गेलं, आणि काही आठवड्यांतच ते वारले. अकरा वर्षांच्या मुलीच्या हाती राज्य आलं.

मॅक्सिमिलियनची मदत पोचलीच नाही. फ्रान्सच्या राजाने, आठव्या शार्लने, रेनला वेढा घातला आणि ६ डिसेंबर १४९१ रोजी लांजेच्या किल्ल्यात ॲनशी स्वतःच लग्न केलं. गुंता असा, की शार्लची ठरलेली वधू होती मॅक्सिमिलियनचीच मुलगी मार्गारेट, लहानपणापासून फ्रेंच दरबारात वाढलेली. एका लग्नात मॅक्सिमिलियनची बायकोही गेली आणि जावईही. पोपची परवानगी आली ती लग्नानंतर.

या लग्नाचा करारनामा मला विलक्षण वाटतो. शार्ल मुलाविना वारला, तर ॲनने पुढच्या राजाशी लग्न करायचं! ती वेळ खरोखर आली. त्यांचं एकही मूल जगलं नाही. आणि एप्रिल १४९८ मध्ये, आंब्वाजच्या वाड्यात चेंडूचा खेळ बघायला जाताना शार्लचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. काही तासांत तो गेला.

एकवीस वर्षांची विधवा ब्रिटनीचा कारभार पुन्हा स्वतःकडे घेते, स्वतःच्या नावाचं सोन्याचं नाणं पाडते. नवा राजा बारावा लुई तिच्या वडिलांच्या बाजूने लढलेला. त्याचं लग्न झालेलं होतं. पोपकडून ते रद्द करवून त्याने जानेवारी १४९९ मध्ये नांत शहरात ॲनशी विवाह केला. ॲनच्याच राजधानीत, आणि आता अटीही बऱ्याचशा तिच्या. ब्रिटनीचा कारभार तिच्याकडे. पुढे हे राज्य थोरल्या मुलाला नाही, धाकट्याला, म्हणजे फ्रान्सच्या गादीपासून वेगळं. सात वर्षांपूर्वी जिच्याभोवती वेढा पडला, तिने हे लिहून घेतलं, याचं मला राहून राहून अप्रूप वाटतं.

मुलगे मात्र जगले नाहीत. राहिल्या क्लोद आणि रने. क्लोद मॅक्सिमिलियनच्या नातवाला द्यावी, म्हणजे ब्रिटनी फ्रान्सच्या हाती जाणार नाही, असा ॲनचा अखेरपर्यंत आग्रह होता. जानेवारी १५१४ मध्ये ती वारली. मे महिन्यात लुईने क्लोदचं लग्न आपल्या वारसाशी, फ्रान्स्वाशी लावून दिलं, आणि १५३२ मध्ये ब्रिटनी रीतसर फ्रान्सला जोडली गेली.