सागर आणि हक्क (लेखांक ६) : होडी धक्क्याला लागल्यानंतर

मत्स्यव्यवसायाच्या विकासाचा कोणताही आराखडा, मग तो जेट्टीचा असो, शीतगृहाचा असो वा सागरी अभयारण्याचा, कोणाच्या ना कोणाच्या हक्काला स्पर्श करतोच. आणि स्त्री-पुरुष समता व मानवी हक्क या विषयांवर सल्ला देणाऱ्याचे पहिले काम म्हणजे तो हक्क कोणाचा आहे हे आराखडा मंजूर होण्यापूर्वी शोधून काढणे, तेही कुटुंबवार नव्हे, तर माणसागणिक. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्य समितीने जून २०१४ मध्ये स्वीकारलेल्या लघु मत्स्यव्यवसायविषयक ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वांची ओळख मागील लेखांकात करून दिली होती. त्या तत्त्वांत मानवी हक्क आणि प्रतिष्ठा यांना आरंभीचे स्थान आहे, स्त्री-पुरुष समतेला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि भारतातील मच्छीमारांच्या प्रश्नांसाठी आयुष्य वेचलेल्या व मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानातून प्रवास करत असलेल्या चंद्रिका शर्मा यांच्या स्मृतीला ती अर्पण केलेली आहेत. या लेखांकाचा विषय आहे तो या तत्त्वांचा प्रत्यक्ष वापर.

हक्काधारित दृष्टिकोन म्हणजे विकासाकडे उपकार म्हणून न पाहता देणे म्हणून पाहणे. ज्याला मागण्याचा अधिकार आहे तो हक्कधारक आणि ज्याच्यावर ते पुरवण्याची वा त्याचे रक्षण करण्याची जबाबदारी आहे तो कर्तव्यधारक, बहुधा शासन, अशी त्याची मांडणी असते. स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे उच्चाटन करणाऱ्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली असल्याने हे कर्तव्य निव्वळ नैतिक उरत नाही. तरीही हक्कधारक म्हणून कोणाला मोजायचे, येथेच गाडे अडते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मासेमारीतील कामाविषयीचा २००७ चा करार नौकेवर काम करणाऱ्यांपुरता आहे. किनाऱ्यावर मासळी निवडणारी, सोलणारी, सुकवणारी आणि विकणारी स्त्री त्याच्या कक्षेत येत नाही. नौकेवरील कामगारांसाठी असा करार असणे अत्यंत आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु विकासयोजनाही जेव्हा नौकेपाशीच थांबतात, तेव्हा व्यवसायाचा निम्मा भाग दृष्टीआड राहतो.

उत्तन, वसई, वर्सोवा या पट्ट्यात डोल जाळ्यात मिळालेला बोंबील आणि जवळा होडीतून उतरला की पुढचे जवळजवळ सारे काम स्त्रियांच्या हाती जाते. निवडणे, धुणे, बोंबील बांबूच्या मांडणीवर टांगणे, जवळा पसरणे, पावसाळ्यासाठी साठवण करणे, बाजार गाठणे आणि उधारी वसूल करणे हे सारे त्या करतात. घरखर्च, आणि पुष्कळदा पुढच्या फेरीच्या डिझेल-बर्फाचा खर्चही, याच विक्रीतून भागतो. असे असूनही नोंदणी होते ती नौकेची, परवाना मिळतो तो नौकेला, डिझेलवरील कराचा परतावा सहकारी संस्थेमार्फत जातो तो नौकामालकाला, आणि वादळानंतर पंचनामा होतो तोही प्रामुख्याने नौकेचा व जाळ्यांचा. कोळणीची साधने निराळी आहेत: सुकवणीची मोकळी जागा, तेथवर जाणारी वाट, बाजारातील बसण्याची जागा, पाणी, दिवा, शौचालय आणि पाट्यांसह चढू देणारे वाहन. यांपैकी एकही वस्तू सहसा तिच्या नावावर नसते, आणि जे नावावर नाही ते हिरावले गेले तरी कागदोपत्री कोणाचेच नुकसान झालेले नसते.

म्हणूनच सल्लागाराच्या कामात नकाशाला फार मोठे महत्त्व आहे, आणि या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने मच्छीमार गावे, त्यांच्या सामाईक मालमत्ता, जेट्ट्या, बर्फाचे कारखाने आणि मासळी सुकवण्याच्या जागा मोठ्या प्रमाणावरील नकाशांवर दाखवाव्यात असे सांगितले. तांत्रिक वाटणाऱ्या या तरतुदीत स्त्रियांच्या हक्काची एक मोठी संधी दडलेली आहे, कारण जी जागा महसुली कागदावर केवळ पडीक वा सरकारी म्हणून दिसते, तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला वापर अशा नकाशामुळे प्रथमच नोंदला जाऊ शकतो. मात्र हा नकाशा कोणाला विचारून काढला जातो, यावर सारे अवलंबून आहे. मोजणी करणारे पथक सहकारी संस्थेच्या कार्यालयात बसून पदाधिकाऱ्यांशी बोलले, तर नौका शाकारण्याची जागा आणि डिझेलचा पंप नकाशावर येतो. हंगामातील काही महिनेच वापरात असणारी सुकवणीची जागा, जी पावसाळ्यात रिकामी दिसते, ती सुटून जाण्याचा धोका असतो. तेव्हा सर्वेक्षण सुकवणीच्या हंगामात व्हावे आणि ते करताना सुकवणाऱ्या स्त्रिया सोबत असाव्यात, एवढी साधी अट सल्लागाराने कामाच्या कार्यकक्षेतच लिहून घेतली, तर नंतरच्या कितीतरी तक्रारी मुळातच उद्भवणार नाहीत.

भरपाईच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये उरण परिसरातील बंदरविस्तारामुळे उपजीविका गमावलेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेचे नुकसान पैशांत मोजण्यायोग्य आहे हे या आदेशाने ठामपणे मान्य केले, ही त्याची थोरवी. पण भरपाईचे एकक कुटुंब असले की रक्कम कोणाच्या खात्यात जाणार, विधवेचे वा परित्यक्तेचे घर स्वतंत्र कुटुंब धरले जाणार की नाही, आणि मासळी न मिळाल्याने बंद पडलेली विक्री हे वेगळे नुकसान मानले जाणार की नाही, हे प्रश्न प्रत्येक प्रकल्पात नव्याने उभे राहतात. त्यांची उत्तरे वाटपाच्या दिवशी शोधणे म्हणजे उशीर झालेला असणे होय. स्त्रियांना वेगळे मोजता येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे: २०१९ च्या क्यार व महा चक्रीवादळांनंतर राज्याने २०२० मध्ये जाहीर केलेल्या मदतीत मासळी विक्रेत्या महिलांसाठी शीतपेट्यांची तरतूद होती.

बाजाराविषयी कायदा अधिक स्पष्ट आहे. पथविक्रेत्यांविषयीचा २०१४ चा कायदा, जेथे विक्रेते व ग्राहक परंपरेने एकत्र येतात त्या जागेला नैसर्गिक बाजार म्हणून ओळखतो, शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत असे सांगतो, आणि त्यांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांना देतो. शहरातील मासळीबाजार पाडून दूर हलवला जातो तेव्हा गाळ्याच्या बदल्यात गाळा दिल्याचे समाधान मानले जाते. पण बांधलेली गिऱ्हाइके, पहाटे धक्क्यावरून तेथवर पोहोचण्याची सोय आणि टेम्पोचे वाढलेले भाडे यांचा हिशेब कोणी करायचा, हा प्रश्न सल्लागाराने प्रशासनापुढे लेखी ठेवलाच पाहिजे. केरळ सरकारने २०२१ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मासळी विक्रेत्या स्त्रियांसाठी ‘समुद्र’ नावाची विनामूल्य बससेवा सुरू केली, ती या दृष्टीने शहाणपणाची आहे. मासळीची पाटी घेऊन सार्वजनिक वाहनात चढणाऱ्या बाईला होणारा अपमान हा मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, हे त्या निर्णयामागे गृहीत आहे.

निसर्गसंरक्षणही हक्कांच्या दृष्टीने निरपवाद नसते. तमिळनाडूत मन्नारच्या आखातातील २१ बेटांभोवती १९८६ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि प्रवाळखडकांवरून हाताने समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या स्त्रियांचा रोजगार बेकायदा ठरला. या स्त्रियांनी संघटित होऊन महिन्यातील १२ दिवसच शेवाळ काढण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले, वनविभागाशी बोलणी केली, आणि त्यांच्या नेत्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये सीकॉलजी पुरस्कार मिळाला. नियमन कसे करावे याचे ज्ञान ज्यांच्यापाशी होते, त्यांनाच नियम ठरवताना विचारले गेले नव्हते, हे या प्रकरणातून दिसते. आणि स्त्रियांचा सहभाग हा शब्द अहवालात कितीही वेळा आला तरी ही चूक त्याने भरून निघत नाही.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि स्त्रियांना ६० टक्के अर्थसाहाय्य आहे, ही तरतूद स्वागतार्ह होय. तथापि अर्ज पत्नीच्या नावे आणि व्यवसायाचे निर्णय पतीकडे, असे होऊ नये म्हणून कर्ज, मालमत्ता आणि विक्रीचा पैसा यांवर तिचा ताबा आहे का, हे दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासण्याची सोय योजनेतच हवी. लोणची-पापडांसारखी नवी कामे स्त्रियांच्या आधीच भरलेल्या दिवसात वाढवून त्याला सक्षमीकरण म्हणण्यापेक्षा धक्क्यावर पाणी, सावली आणि शौचालय देणे अधिक उपकारक ठरते. आणि सल्लामसलतीची सभा लिलावाच्या वेळी ठेवली, तर ज्यांचे मत हवे त्या स्त्रिया येणारच नाहीत, म्हणून वेळ त्यांनाच विचारून ठरवावी लागते.

हेच हक्क रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळहून येऊन राबणाऱ्या खलाशांनाही लागू आहेत. करारनामा, वेतन आणि समुद्रावरील सुरक्षितता या अंगांनी त्यांचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.