नवा अन्वयार्थ : चौकापासून कागदापर्यंत

आधीच अर्थ लागलेल्या गोष्टीचा पुन्हा, वेगळ्या दृष्टीने अर्थ लावणे म्हणजे नवा अन्वयार्थ. शास्त्रीय लेखनात यालाच पुनर्व्याख्या असेही म्हणतात. श्लोकातील शब्द वाक्याच्या क्रमाने जुळवणे म्हणजे अन्वय. ही जुळणी बदलली की तेच शब्द निराळे बोलू लागतात. म्हणून नव्या अन्वयार्थात मूळ वस्तू तशीच राहते आणि तिच्याकडे पाहण्याची रीत बदलते. भाषांतरात भाषा बदलते, दुरुस्तीत मजकूर बदलतो. इथे बदलतो तो अर्थ.

मराठीतील ठळक उदाहरण गीतेचे आहे. इ.स. १२९० मधील ज्ञानेश्वरीत गीता भक्तीच्या ओलाव्याने लोकभाषेत उलगडली. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी त्याच गीतेचा मुख्य उपदेश संन्यास नसून कर्मयोग आहे, असे मांडले. कायद्यातही हेच घडते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चे शब्द बदलले नाहीत. तरीही मनेका गांधी खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील ‘प्रक्रिया’ या शब्दाचा अर्थ विस्तारला. कायद्याने ठरवलेली प्रक्रिया न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, असा तो नवा अर्थ होता.

ग्रंथ आणि कायद्याप्रमाणे चित्राचाही नवा अन्वयार्थ लागतो. पालघर जिल्ह्यातील कासा, गंजाड, तलासरी हा वारली आदिवासींचा मुलूख त्याची साक्ष देतो. वारल्यांच्या घरात लग्नाच्या वेळी भिंत शेणाने सारवून तिच्यावर गेरूचा हात फिरवतात. तांदळाच्या पिठाची पांढरी खळ आणि टोक चेचलेली बांबूची काडी घेऊन सवाशिणी तिच्यावर चौक काढतात. चौक ‘लिहायचा’ असतो, असे वारली म्हणतात. चौकटीच्या मध्यभागी सर्जनाची देवी पालघट असते, भोवती झाडे, प्राणी, माणसे. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी स्त्री. ती गाणी म्हणते आणि लग्नाचे विधी पार पाडते. या चौकाचे काम शोभेचे नाही. त्याच्या साक्षीने लग्न लागते.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि त्यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी तो खऱ्या अर्थाने आपलासा केला. बायकांचा विधी असलेली ही कला एका पुरुषाच्या हाती आली आणि लग्नाशिवाय, रोजच्या रोज उमटू लागली. टोकाशी टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांची माणसे तीच राहिली. पण चौकाची हद्द ओलांडून ती शेतात राबू लागली, मासेमारीचे जाळे टाकू लागली, तारपा या वाद्याभोवती फेर धरू लागली. विधीची खूण कथा सांगणारे चित्र झाली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्यांचे निधन झाले.

पुढे अभ्यासकांनी आपले अर्थ लावले. यशोधरा डालमिया यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात ही चित्रे वारल्यांच्या विधी आणि कथांच्या संदर्भात वाचली. वर्तुळ म्हणजे सूर्य-चंद्र, त्रिकोण म्हणजे डोंगर आणि झाडे, चौकोन म्हणजे माणसाने आखलेली पवित्र जागा, असे वाचनही रूढ झाले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिच्याकडे एका प्रदेशाची आणि समाजाची ओळख म्हणून पाहिले गेले.

मात्र प्रत्येक बदल नवा अन्वयार्थ ठरत नाही. त्यासाठी जुना अर्थ ठाऊक असावा लागतो आणि नव्या अर्थाला मूळ वस्तूत आधार असावा लागतो. वारली तरुण चित्रकाराने रेल्वे किंवा धरण काढले, तर बदललेल्या जगाचा अर्थ तो आपल्या चित्रभाषेत लावत असतो. कापडाच्या पिशवीवर यंत्राने छापलेल्या नाचणाऱ्या आकृत्यांमागे असा विचार नसतो. ती फक्त नक्षी असते. म्हणून वारली चित्र विकत घेणाऱ्याने ते काढणाऱ्याचे नाव आणि गाव विचारावे, आणि चित्रात काय लिहिले आहे तेही त्याच्याकडूनच ऐकावे.