पळसावर कोण पितं, कोण फेडतं

गुडिहत्नूरहून उटनूरकडे निघालं की इंद्रवेल्लीच्या आसपास पळसच पळस. केस्लापूरची नागोबाची जत्रा उलगते, होळी जवळ येते, आणि तोवर आदिलाबादच्या या माळावरच्या पळसांची पानं गळून जातात. उरतात काळपट मखमली कळ्या आणि केशरी फुलं.

ऊन चढायच्या आत झाडाखाली जाऊन उभं राहावं. सातभाई भांडत-ओरडत येतात. साळुंक्या फुलात डोकं खुपसतात. मध्य आशियाकडे परतायच्या आधी भोरड्यांचे थवे उतरतात. पोपट तर फूलच तोडतात, बुडखा चावतात आणि उरलेलं खाली टाकतात.

असंच एक पडलेलं फूल उचलून पाहा. मध तळाशी, देठाजवळच्या त्या काळ्या पेल्यात असतो. पुंकेसर मात्र त्यापासून दूर, पोपटाच्या चोचीसारख्या वाकड्या पाकळीत दडलेले. ती पाकळी बोटाने हलकेच दाबली की पुंकेसर बाहेर येतात आणि बोटाला पिवळी पूड लागते. म्हणजे पाखराने नुसता मध पिऊन झाडाचं काही भागत नाही, पिता पिता ती पाकळी दाबली गेली पाहिजे.

जांभळा शिंजीर बोटभर लांब, दहा ग्रॅमचाही नसेल. फुलाशी तो नीट टेकतो, बाकदार चोच तळापर्यंत घालतो आणि पूड अंगावर घेऊन पुढच्या फुलाकडे जातो. दिल्लीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये पळसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पळसावर येणाऱ्या पाखरांपैकी परागीकरणाचं काम खऱ्या अर्थाने शिंजीरच करतो, असं त्यांना आढळलं. त्याच्या जोडीला होती खार! एवढ्या गोंगाटात तिच्याकडे कुणाचं लक्ष जातं?

दक्षिण आफ्रिकेतल्या उंच कोरफडींवर मात्र नेमकं उलटं दिसलं. तिथे पातळ, मुबलक मध प्यायला येणारे बुलबुल आणि सुगरणीच पराग वाहतात. शिंजिराचे भाऊबंद पुष्कळदा पुंकेसरांना न शिवताच पिऊन जातात. त्यामुळे शिंजीर प्रामाणिक आणि बाकीचे फुकटे, असं सरसकट म्हणता येत नाही. फुलाची घडण बदलली की हिशेबही बदलतो.

पळसाचा हिशेब उन्हाळ्यात डोळ्यांना दिसतो. फुलांनी झाड लगडलं होतं, पण त्या मानाने चपट्या शेंगा थोड्याच धरतात. प्रत्येकीच्या टोकाशी एकच बी असतं, औषधवाले घेतात ती पळसपापडी. तोवर पाखरांची पांगापांग झालेली असते, आणि कुठली शेंग शिंजिराची, कुठली खारीची, हे झाडाकडे पाहून कुणालाच सांगता येत नाही.